चार्जर सोडला, मग जेवणार काय?

स्टेशनाचे नाव बदलून चार वर्षे झाली, पण आमचे भोपाळचे मामा अजून हबीबगंजच म्हणतात. नोव्हेंबर 2021 मध्ये त्या स्टेशनाचे रूप पालटले आणि पाटीवर राणी कमलापती हे नाव आले. मामांचा त्याला विरोध नाही. "राणीबद्दल आदरच आहे रे, पण रिक्षावाल्याला पन्नास वर्षं जे सांगत आलो तेच तोंडात बसलंय," असे ते म्हणतात. बेळगावचे सरकारी नाव बदलल्यावरही आपण घरात काय म्हणतो ते इथल्या वाचकांना सांगायला नको, म्हणून मीही या लेखात हबीबगंजच लिहिणार आहे.

मामा मूळचे चिकोडी तालुक्यातले. डिप्लोमा करून 1970 साली ते भोपाळच्या हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये लागले. पुढे 1974 मध्ये तो कारखाना 'भेल'मध्ये विलीन झाला. "लागलो एका कंपनीत आणि निवृत्त झालो दुसरीतून, टेबल मात्र तेच," हा त्यांचा ठरलेला विनोद. रेल्वे इंजिनांच्या मोटारी तपासण्याच्या कामात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर त्यांनी हबीबगंज नाक्याजवळ छोटेसे घर घेतले. वय आता अठ्ठ्याहत्तर. कानाला यंत्र आहे, पण हिशेब तोंडी करतात.

गेल्या डिसेंबरात, म्हणजे 2025 च्या नाताळच्या सुट्टीत, मी, अक्का आणि दाजी गोवा एक्सप्रेसने भोपाळला गेलो. मामांना भेटायचे होतेच, पण पोटात एक कामही होते. अक्काच्या सासरची दीड एकर जमीन रस्त्याच्या रुंदीकरणात गेली आणि मोबदल्याचे अठरा लाख रुपये बँकेत मुदत ठेवीत पडले आहेत. अक्काचा थोरला मुलगा बंगळूरला नोकरीला आहे. त्याचे म्हणणे असे, की ठेवीचे व्याज महागाईच खाऊन टाकते, तेव्हा निम्मे पैसे, म्हणजे नऊ लाख, नॅविटास नावाच्या अमेरिकन कंपनीच्या शेअरमध्ये घालावेत. ही कंपनी सेमीकंडक्टर बनवते. ती आता मोबाइल चार्जरचा किरकोळ धंदा सोडून मोठ्या विजेच्या बाजारात उतरते आहे, आणि "मामा, ही संधी परत येणार नाही."

मी अर्थशास्त्र शिकवतो म्हणून पहिली विचारणा माझ्याकडे झाली. मागणी-पुरवठ्याचे वक्र फळ्यावर काढणे निराळे आणि शेअर निवडणे निराळे, हे मी 2008 सालीच शिकलो आहे. तेव्हा आमच्या स्टाफरूममधल्या सात जणांनी एका मोठ्या कंपनीच्या इश्यूसाठी रांग लावून अर्ज भरले होते. त्याची कागदपत्रे अजून माझ्या कपाटात आहेत आणि सौभाग्यवती दर दिवाळीच्या साफसफाईत ती काढून दाखवतात. त्यामुळे मी भाच्याला म्हटले, की मला यातली वीज कळत नाही आणि तुला वाट पाहणे कळत नाही. ज्यांना दोन्ही कळते त्यांच्याकडे जाऊ. दाजींनाही ते पटले. त्यांचे घर कन्नड, आणि भोपाळात कन्नड बोलायला माणूस मिळत नाही म्हणून मामा त्यांची वाटच पाहत असतात.

आधी ही कंपनी काय आहे ते सांगतो. भाच्याने पाठवलेले सगळे कागद मी गाडीत वाचून काढले होते.

नॅविटास 2014 साली कॅलिफोर्नियात स्थापन झाली. तिची खासियत गॅलियम नायट्राइड हा पदार्थ. नेहमीच्या सिलिकॉनऐवजी तो वापरला, की वीज चालू-बंद करणारा स्विच फार लहान होतो आणि कमी तापतो. हल्ली मोबाइलचा आणि लॅपटॉपचा चार्जर काडेपेटीएवढा होऊनही भराभर चार्ज करतो, तो अशा पदार्थांमुळे. ऑक्टोबर 2021 मध्ये कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात आली. ऑगस्ट 2022 मध्ये तिने जेनेसिक ही सिलिकॉन कार्बाइडचे स्विच बनवणारी कंपनी विकत घेतली. मे 2025 मध्ये एनव्हिडियाने आपल्या नव्या वीजव्यवस्थेसाठी नॅविटासला सोबत घेतल्याचे जाहीर झाले आणि सुमारे दोन डॉलरवर रेंगाळणारा शेअर एका दिवसात दुपटीहून वर गेला. ऑक्टोबरात तो पंधरा डॉलरच्याही वर जाऊन आला. सप्टेंबरमध्ये नवे मुख्य अधिकारी आले होते. नोव्हेंबरमध्ये त्यांनी जाहीर केले, की चीनमधला मोबाइलचा आणि कमी विजेचा स्वस्त धंदा आम्ही आटोपता घेत आहोत. यापुढे डेटा सेंटर, वीजवाहिन्या आणि कारखान्यांची यंत्रे हेच आमचे गिऱ्हाईक.

त्याच दिवशी तिमाहीचा हिशेबही आला. 2024 च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये 2 कोटी 17 लाख डॉलरची विक्री होती, ती 2025 च्या त्याच तिमाहीत 1 कोटी 1 लाखावर आली. पुढच्या तिमाहीत ती आणखी घटून सत्तर लाखांच्या आसपास राहील, असे कंपनीने स्वतःच सांगितले. शेअर आपटला. भाच्याच्या मते हीच घ्यायची वेळ.

हबीबगंजच्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबी झाल्यावर मामांनी विषयाला हात घातला. भाचा बंगळूरहून व्हिडिओवर होता. अक्का सुपारी कातरत बाजूला बसली होती. मामांनी पहिला प्रश्न शेअरचा विचारलाच नाही. "डेटा सेंटरला ही वस्तू कशाला लागते, ते तुझ्या आईला कळेल असं सांग," म्हणाले.

भाचा इंग्रजीत सुरू झाला तसे मामांनी त्याला थांबवले आणि स्वतःच अक्काला विचारले, "तुमच्या शेतात शेवटच्या टोकाला मोटार कधी जळते?"

अक्काने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "व्होल्टेज पडलं की."

उसाच्या भागातल्या कुठल्याही बाईला हे उत्तर येते. व्होल्टेज कमी झाले की मोटार तेवढेच काम करायला जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापते आणि जळते. काम तेवढेच ठेवायचे असेल तर व्होल्टेज वाढवावे म्हणजे करंट कमी लागतो. म्हणून रेल्वेच्या डोक्यावरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. डेटा सेंटरमध्ये आजवर यंत्रांच्या एकेका कपाटाला 54 व्होल्टने वीज खेळवत आले. कपाटे लहान होती तोवर ते चालले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांचे एकच कपाट एक मेगावॅट वीज ओढेल अशी तयारी चालू आहे. मामांनी पेन्सिल घेऊन वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार केला. 54 व्होल्टवर एक मेगावॅट म्हणजे साडेअठरा हजार अँपियर. तेच 800 व्होल्टवर केले तर साडेबाराशे. एनव्हिडियाचाच हिशेब असा आहे, की जुन्या पद्धतीने अशा एका कपाटाला दोनशे किलोपर्यंत तांब्याच्या पट्ट्या लागतील. म्हणून 2027 पासून 800 व्होल्टची पद्धत आणायचे त्यांनी ठरवले. त्या व्होल्टेजची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून खाली उतरवायला जे स्विच लागतात, त्यात गॅलियम नायट्राइड आणि सिलिकॉन कार्बाइड हे दोन पदार्थ उजवे ठरतात.

"म्हणजे पोरगा खोटं सांगत नाही," मामा म्हणाले. "वस्तू खरी आहे आणि गरजही खरी आहे."

भाच्याचा चेहरा खुलला.

यातला सिलिकॉन कार्बाइड आपल्याला अनोळखी नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिरोलीत फाउंड्रीतले कास्टिंग घासायला जी काळपट ग्राइंडिंग व्हील वापरतात, ती बहुधा याच पदार्थाची असतात. कार्बोरंडम म्हणतात तो हाच. 1891 साली ॲचेसन नावाच्या अमेरिकन माणसाला तो भट्टीत सापडला. ज्याने आपण लोखंड घासतो त्याचाच निर्दोष स्फटिक करून, पापुद्र्यासारखे काप काढून, वर नक्षी कोरली की विजेचा स्विच होतो. पण तो स्फटिक करणे महाकठीण. सिलिकॉन वितळवून त्याचा माणसाच्या उंचीचा दांडा दोन-तीन दिवसांत ओढून काढता येतो. सिलिकॉन कार्बाइड तसा वितळतच नाही. दोन हजार अंशांच्या वर त्याची वाफ करून ती थरावर थर जमवावी लागते, आणि आठवडाभर भट्टी पेटती ठेवल्यावर हाती येतो काही सेंटिमीटर जाडीचा ठोकळा. इतका वेळ आणि इतकी वीज लागते म्हणून माल महाग, आणि त्यासाठी कारखाना काढणे त्याहून महाग. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

मग मामांनी मूळ प्रश्न विचारला. "तुझी कंपनी चार्जर सोडते म्हणतोस. चांगलं आहे. पण इंजिनवाला गिऱ्हाईक येईपर्यंत मधल्या काळात ती जेवणार काय?"

भाचा म्हणाला, "अज्जा, कॅश आहे त्यांच्याकडे."

"किती दिवसांचा शिधा आहे?"

हा हिशेब मी केला. सप्टेंबर 2025 अखेर कंपनीकडे सुमारे पंधरा कोटी डॉलर रोख होते आणि कर्जाचा बोजा नव्हता. तिमाहीचा तोटा सव्वा कोटीच्या आत. (हा आकडा कामगारांना शेअरच्या रूपाने दिलेला पगार वगैरे वगळून आहे. अमेरिकन कंपन्या असा एक सोवळा आणि एक ओवळा हिशेब देतात; वाचताना कोणता चालला आहे ते पाहावे.) म्हणजे तीन वर्षांचा शिधा आहे. शिवाय नोव्हेंबरमध्ये कंपनीने नवे शेअर काढून आणखी दहा कोटी डॉलर उभे केले. शिधा वाढला, पण पंगतही वाढली. जुन्या भागीदाराच्या पानात तेवढे कमी पडणार.

मामांच्या मते प्रश्न त्या शिध्याच्या पलीकडचा होता. चार्जरचे गिऱ्हाईक आणि इंजिनाचे गिऱ्हाईक यांची जातच वेगळी असते. चार्जर बनवणारा दर वर्षी नवे मॉडेल काढतो; यंदा तुमचा भाग घेईल, पुढच्या वर्षी दोन पैसे स्वस्त मिळाला की दुसऱ्याचा. इंजिनवाला एकदा आला की वीस-पंचवीस वर्षे हलत नाही. मात्र तो यायलाच वर्षे लागतात, कारण चार्जर बिघडला तर फेकून देता येतो, इंजिन घाटात बंद पडले तर मागच्या सगळ्या गाड्या अडतात.

"नवा भाग आला की आधी टेस्ट बेडवर. मग एका इंजिनावर. मग त्या इंजिनाने एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढून दाखवायचा. तोवर दुसरी ऑर्डर नाही," असे सांगून मामांनी त्यांच्या डोळ्यांदेखत झालेला बदल सांगितला. ते लागले तेव्हा इंजिनांत डायोड असत आणि डीसी मोटारी. 1995-96 च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या एबीबीच्या तंत्राची तीन फेजची इंजिने भारतात आली, त्यांत जीटीओ जातीचे थायरिस्टर. त्यांच्यापेक्षा सरस असा आयजीबीटी हा स्विच जगात 1980 च्या दशकातच बाजारात आला होता. आपल्या इंजिनांत मात्र तो सर्रास व्हायला त्यानंतरची जवळपास वीस वर्षे गेली. आज वंदे भारतच्या डब्यांखाली तेच स्विच काम करतात.

इथे थोडे विषयांतर करतो. 27 जून 2023 ला पंतप्रधानांनी पाच वंदे भारत गाड्यांना हिरवा झेंडा दाखवला, तो याच हबीबगंजच्या फलाटावरून. दोन गाड्या समोर होत्या, तीन दूर. त्या तिनांत आपली धारवाड–बंगळूर होती आणि मडगाव–मुंबईही. मामा त्या दिवशी गर्दीमुळे स्टेशनात जाऊ शकले नाहीत. गच्चीवरून हॉर्न ऐकला म्हणतात. पुढे 10 ऑगस्ट 2025 ला बेळगावला स्वतःची बंगळूर वंदे भारत मिळाली आणि भाचा आता तिनेच येतो. "तू ज्या गाडीतून आईकडे जातोस तिच्या पोटात ही वस्तू आहे. ती तिथवर पोहोचायला किती वर्षं लागली ते मोज, आणि मग शेअर घे," असे मामा त्याला म्हणाले.

भाचाही गप्प बसणारा नाही. डेटा सेंटरवाले रेल्वेसारखे सुस्त नाहीत, त्यांना घाई आहे, पैसा आहे, असे त्याचे म्हणणे. ते मला अगदीच खोटे वाटले नाही. पण घाई असलेल्या गिऱ्हाइकाकडे रांगही मोठी असते. एनव्हिडियाच्या 800 व्होल्टच्या यादीत नॅविटास एकटी नाही. इन्फिनिऑन, एसटी, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स यांसारखे या धंद्यातले पुराणपुरुष तिथे बसलेले आहेत. यादीत नाव असणे म्हणजे ऑर्डर नव्हे.

त्यानंतर मी गाडीत वाचलेली दुसरी कथा सांगितली. भाच्याने ती मला पाठवली नव्हती. मीच शोधली होती.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनात 1987 साली क्री नावाची कंपनी निघाली. एलईडी दिव्यांत तिने मोठे नाव काढले. पण सिलिकॉन कार्बाइडचे स्फटिक वाढवण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तिने ठरवले, की दिव्यांचा स्वस्त धंदा सोडायचा आणि मोठ्या विजेकडे जायचे. 2019 मध्ये दिव्यांचा विभाग विकला, 2021 मध्ये एलईडीचा विकला, आणि ऑक्टोबर 2021 मध्ये नावही बदलून वुल्फस्पीड केले. एप्रिल 2022 मध्ये न्यूयॉर्क राज्यात नवा कारखाना सुरू केला. आठ इंची चकत्यांवर सिलिकॉन कार्बाइडचे स्विच बनवणारा तो जगातला पहिला मोठा कारखाना. वस्तू खरी, गरज खरी, आणि कारागीर जगात पहिल्या नंबरचे.

आणि 30 जून 2025 ला या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. साडेसहा अब्ज डॉलरच्या आसपास कर्ज झाले होते. विजेच्या मोटारींची मागणी ठरल्या वेळी आली नाही, चिनी कारखान्यांनी चकत्यांचे भाव पाडले, आणि मधल्या काळात जेवायला जुना धंदा उरलाच नव्हता. सप्टेंबरअखेर कंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली. ती बुडालेली नाही, कारखाना चालू आहे, स्विचही बनतात. पण जुन्या भागधारकांना सुमारे 120 शेअरमागे एक नवा शेअर मिळाला.

अक्काने कातरणे थांबवून पुन्हा विचारले, "एकशेवीसला एक?"

"एकशेवीसला एक."

"मग धंदा बुडला नाही आणि आपण बुडलो, असं कसं?"

हा प्रश्न माझ्या एम. ए. च्या वर्गात कोणी विचारला असता तर मी त्याला पहिला नंबर दिला असता. कंपनी आणि शेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारखाना अडचणीत आला, की पहिला हक्क सावकाराचा. त्याचे देणे भागून काही उरले तरच मालकाचे, आणि शेअर घेणारा हा मालक असतो. रेनेसास या जपानी चिप कंपनीने 2023 मध्ये वुल्फस्पीडला मालासाठी दोन अब्ज डॉलर आगाऊ मोजले होते. हाच ज्यांचा धंदा, त्यांनाही त्यात मोठे नुकसान सोसावे लागले. तिथे बंगळूरच्या एका पोराचा आणि निपाणीच्या एका मास्तराचा अंदाज किती चालणार?

हे वाचून नॅविटासचेही असेच होईल असे कोणी समजू नये. तिच्यावर तसले कर्ज नाही. कारखाना स्वतःचा नाही, माल ती दुसऱ्याकडून बनवून घेते. तैवानच्या टीएसएमसीने 2027 मध्ये हा पदार्थ थांबवायचे ठरवल्यावर तिने पॉवरचिपशी करार केला. (गुजरातेत धोलेऱ्याला टाटांना कारखान्यासाठी तंत्र देणारी तीच ही पॉवरचिप.) वळण दोघींचे एकच असले, तरी एकीने ते डोक्यावर ओझे घेऊन घेतले आणि दुसरी रिकाम्या हाताने घेते आहे. एवढा फरक मला दिसतो. तो पुरेसा आहे का, ते 2027 नंतर कळेल.

दुपारी जेवण झाल्यावर दाजींनी विषय आपल्या देशाकडे वळवला. इतक्या लांब अमेरिकेत जायचे कशाला, आपल्याकडे कोणी नाही का? आहेत की. हबीबगंजहून होशंगाबाद रोडने वीस-एक किलोमीटर गेले की मंडीदीपची वसाहत लागते, तिथे सीजी पॉवरचा, म्हणजे आपल्या जुन्या क्रॉम्प्टन ग्रीव्हजचा, ट्रान्सफॉर्मरचा कारखाना आहे. कांजूरमार्ग, नाशिक, अहमदनगर या नावांमुळे मराठी कामगारांच्या कित्येक घरांत ही कंपनी माहीत आहे. तिचा प्रवास नेमका उलटा आहे: जन्म मोठ्या विजेत गेला आणि आता ती चिपकडे निघाली. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने तिच्या साणंद येथील प्रकल्पाला मंजुरी दिली, खर्च 7,600 कोटी, सोबतीला वर आलेलीच रेनेसास. चिपचे वेष्टन आणि तपासणी तिथे होणार आहे. ऑगस्ट 2025 मध्ये प्रायोगिक विभाग सुरूही झाला.

या कंपनीच्या शेअरची गोष्ट ऐकून दाजींचे डोळे मोठे झाले. 2019 मध्ये तिच्या हिशेबातले घोटाळे बाहेर आले आणि 2020 च्या सुरुवातीला शेअर दहा रुपयांच्याही खाली गेला. त्याच वर्षी चेन्नईच्या मुरुगप्पा समूहाने कंपनी ताब्यात घेतली. 2024 मध्ये तोच शेअर सातशेच्या वर होता. भाचा लगेच म्हणाला, "बघा! तेव्हा लाख घातले असते तर?"

मामा हसले. "तेव्हा मी इथंच होतो. मंडीदीपची माणसं माझ्या ओळखीची होती. पण 'घे' म्हणणारा मला एकही भेटला नाही. आता भेटतात."

(मुरुगप्पांचीच कार्बोरंडम युनिव्हर्सल 1954 पासून ग्राइंडिंग व्हील बनवते, हेही मामांनीच सांगितले. घासण्याच्या दगडापासून चिपपर्यंतचा रस्ता एकाच घरात!)

नुसते मोठ्या विजेचेच स्विच बनवणारी म्हणावी तर मुंबईच्या मंडळींची आरआयआर पॉवर, पूर्वीची रतनशा इंटरनॅशनल रेक्टिफायर. 1969 पासून डायोड-थायरिस्टर करत आली. आता तिने भुवनेश्वरजवळ सिलिकॉन कार्बाइडचा प्रकल्प हाती घेतला आहे, खर्च सहाशे कोटींच्या घरात. भांडुपची हिंद रेक्टिफायर्स 1958 ची. रेल्वेला लागणारी अशी यंत्रे ती करत आली आहे. दाजींनी दोन्ही नावे डायरीत टिपून घेतली. मी त्यांना म्हटले, टिपा, पण मामांचा जेवणाचा प्रश्न यांनाही विचारायचा. प्रत्येकीचा चालू धंदा काय, तो नव्या कारखान्याचा खर्च किती वर्षे पेलेल, आणि आजच्या भावात पुढच्या किती वर्षांची आशा आधीच विकली गेली आहे, ते बघायचे. दाजी म्हणाले, "तडीरी, तडीरी, आधी नाव तरी लिहू द्या."

परदेशी शेअर घेणाऱ्यांसाठी दोन ओळी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर गेले, की गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या वरच्या रकमेवर बँक वीस टक्के कर आधीच कापून घेते. तो विवरणपत्र भरून वळता करता येतो, पण पैसे तोवर अडकतात. आणि तिकडच्या शेअरचा तपशील आपल्या विवरणपत्रात द्यावाच लागतो. बंगळूरच्या पोरांना हे ॲपमध्ये दिसत नाही.

संध्याकाळी मामा आम्हाला नवी मेट्रो दाखवायला घेऊन गेले. ती 20 डिसेंबरला, म्हणजे आम्ही जायच्या थोडे आधीच, सुरू झाली होती. स्टेशनाच्या जिन्यावर त्यांनी अक्काला बाजूला घेतले आणि एवढेच विचारले, की या नऊ लाखांचे काम तुला कधी आहे?

अक्का म्हणाली, धाकटी यंदा बारावीला आहे. जूनमध्ये ती जिथे जाईल तिथली फी भरायची. उरलेल्या जमिनीत बोअर मारायची, ती पावसाच्या आधी.

"आणि पोराच्या कंपनीचं गिऱ्हाईक कधी येणार?"

"सत्तावीसला म्हणतोय."

मामा पुढे काही बोलले नाहीत. मेट्रो आली, आम्ही बसलो. अक्का खिडकीतून भेलच्या बाजूचे दिवे पाहत होती. रात्री तिने स्वतःच मुलाला फोन लावला, आणि महत्त्वाचे बोलणे ती नेहमी कन्नडमध्ये करते, तसे तेही कन्नडमध्येच केले. सोळा लाख ठेवीत राहतील, जूनच्या आत सुटतील अशा दोन पावत्या कराव्यात. एक लाख बोअरला. आणि एक लाख तुला, परत मागणार नाही या बोलीवर. बुडाले तरी सांगू नकोस, वाढले तरी मला सांगू नकोस.

भाच्याने थोडा हट्ट केला, मग गप्प झाला. मामांनी फोन हातात घेऊन त्याला सांगितले, की तुझ्या पगारातले तू हवे तितके घाल, मला कौतुकच आहे. माझ्या पिढीने मोटारी केल्या, तुझी पिढी त्यांच्या आतला स्विच करते आहे.

आम्ही परत येऊन तीन आठवडे झाले. बोअरला दोनशे ऐंशी फुटांवर पाणी लागले. लाख रुपये अजून भाच्याच्या खात्यातच आहेत. कंपनीचा पुढच्या तिमाहीचा हिशेब येऊ दे, मग बघतो म्हणाला. काल रात्री त्याने मला विचारले, की भोपाळअज्जांना सिलिकॉन कार्बाइडच्या भट्टीबद्दल आणखी काही विचारायचे असेल तर कोणत्या वेळी फोन करावा. मी सांगितले, सकाळी नऊच्या आधी, कानात यंत्र असताना.